हाताचा गुण

मारोतराव बोंद्रे यांच्या घरचा कूलर त्या उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू व्हायचा, आणि त्याचा गरमीशी काही संबंध नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटेची तेवढी एकच घटका अशी असते, की माणूस पायाशी पडलेली चादर चाचपडतो. गोपिकाबाई झोपेतच कुरकुरायच्या, "बंद करा ना जी, आंग आखडून राहिलं." मारोतराव म्हणायचे, असू दे, हवा खेळती पाहिजे. एवढं बोलून ते मोरीत जायचे, दार ओढून घ्यायचे, नळाला रबरी नळी चढवायचे आणि पोत्याखाली झाकून ठेवलेली लहानशी मोटर चालू करायचे. कूलरच्या घरघरीत मोटरची घरघर कोणाला वेगळी ऐकू यायची नाही. नळाची धार लगेच फुगायची आणि नळीतून थेट मागच्या बागेत, भेंडीच्या वाफ्यात, ढेमशाच्या आळ्यात, मोगऱ्याच्या बुडाशी जाऊन पडायची.

मोटर त्यांनी इतवारीच्या बाजारातून आणली होती. घरात सांगताना कूलरच्या टाकीत पाणी चढवायला आणली असं सांगितलं होतं, आणि पहिल्या दिवशी गोपिकाबाईंसमोर तिनं टाकीत पाणी चढवूनही दाखवलं होतं. मारोतराव कोराडीच्या वीजकेंद्रात स्टोअरकीपर होते. वस्तू कशासाठी आली आणि कशासाठी गेली या दोन रकान्यांत फरक कसा पडतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

हा फरक भिंतीपलीकडे पडत होता. त्यांच्या लेआउटमधली पाइपलाइन गल्लीच्या टोकाला संपायची आणि टोकाचं घर वच्छलाबाईंचं होतं. मारोतरावांचं त्याच्या अलीकडचं. त्यांची मोटर जे पाणी ओढायची ते आभाळातून ओढत नव्हती.

वच्छलाबाईंचे यजमान मधुकरराव दिवाळीनंतर, सकाळचा चहा घेता घेता, बसल्या जागी गेले. दोन्ही घरांचा शेजार जुना, आणि शेजाराइतकीच जुनी दोन बागांची चढाओढ. मधुकरराव बागेत खुर्ची टाकून बसायचे आणि भिंतीवरून मारोतरावांना विचारायचे, "काय मारोतराव, यंदा भेंडी आली का नुसती पानं?" खरं तर मधुकररावांनी उभ्या जन्मात खुरपं धरलं नव्हतं. बाग करायच्या वच्छलाबाई, नाव व्हायचं मधुकररावांचं. पण गल्लीतल्या बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. कोणाच्या गुलाबानं मान टाकली, कोणाचं कढीपत्त्याचं रोप धरेना, की ते उचलून वच्छलाबाईंकडे यायचं. त्यांनी माती बदलून, जरा दाबून परत दिलं की ते धरायचंच. वच्छलावहिनीच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. उन्हाळ्यात संध्याकाळी त्या ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या घेऊन घरोघरी वाटत फिरायच्या. मारोतरावांची बाग दरवर्षी दुसरी यायची. दोनच बागा होत्या, तेव्हा दुसरी येण्याला काय म्हणतात ते उघड आहे.

मधुकरराव गेल्याचं दुःख मारोतरावांना खरं झालं होतं. खांदा त्यांनी दिला, मधुकररावांच्या काटोलच्या मोठ्या बहिणीला तार त्यांनी केली. पण त्या दुःखाच्या शेजारीच, पाय मुडपून, दुसराही एक विचार येऊन बसला होता. यंदा आपली बाग पहिली.

चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात वच्छलाबाई एका सकाळी भिंतीपाशी आल्या. माघात त्यांनी नेहमीसारखी मोगऱ्याची छाटणी केली होती, ढेमशी लावली होती, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यावर जुन्या लुगड्याचा आडोसा केला होता. कपाळ मोकळं झालं तरी कामात खंड पडला नव्हता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडं नळ कसा येते जी? आमच्याकडं तर घागर भरता भरता बंद होते."

मारोतरावांना खरं बोलायला तेव्हा फार काही लागलं नसतं. मोटर काढली असती, चार दिवसांत गोष्ट मिटली असती. पण त्यांच्या तोंडून निघालं, "आमच्याकडंबी तसंच आहे वहिनी. उन्हाळा होय."

वच्छलाबाईंनी भिंतीवरून त्यांच्या बागेकडे पाहिलं. ढेमशाचे वेल आळ्याबाहेर पसरले होते, मोगरा हिरवागार होता. "तसंच येते, तरी एवढं हिरवं?" त्यांनी नुसतं कौतुकानं विचारलं होतं. मारोतरावांना मात्र ती उलटतपासणी वाटली आणि उलटतपासणीत माणूस विनोद करतो तसा त्यांनी केला.

"यंदा हाताचा गुण भिंत चढून आमच्याकडं आला म्हणा, वहिनी."

वच्छलाबाई हसल्या. मग हसू अर्ध्यातच थांबलं आणि त्या आत गेल्या. मारोतरावांनी ते थांबलेलं हसू पाहिलं, आणि कोराडीची बस चुकेल म्हणून घाईनं पायात चपला सरकवल्या.

त्यानंतर पलीकडची बाग मारोतरावांच्या डोळ्यांदेखत वाळत गेली. वच्छलाबाई तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, भांड्यांचं घालायच्या, आंघोळीचंही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. पण एका बाईच्या आंघोळीवर बाग जगत नाही. मोगऱ्याच्या कळ्या मोहरीएवढ्या होऊन गळायच्या. ढेमशाचे वेल दुपारी मलूल व्हायचे आणि संध्याकाळी पुन्हा मान उचलायचे, मग एका संध्याकाळी त्यांनी उचललीच नाही. मारोतराव पाहायचे आणि उद्यापासून मोटर एक दिवसाआड लावू असं ठरवायचे. पहाट झाली की आपल्या भेंडीचं फूल दिसायचं. कूलर लागायचाच.

अक्षय तृतीया आली. गेलेल्या माणसाला त्या दिवशी नव्या मातीच्या घागरीतून पाणी देतात आणि मधुकररावांची ती पहिलीच घागर होती. त्यासाठी त्यांची मोठी बहीण कांताबाई काटोलहून आली. कांताबाईंची तिकडे संत्र्याची वाडी, आणि त्याही विधवा, पुष्कळ वर्षांच्या. त्या दिवशी पहाटे वच्छलाबाईंचा नळ अर्धी घागर देऊन बंद पडला. उरलेली घागर गोपिकाबाईंनी आपल्या ड्रममधून भरून दिली. मारोतराव तेव्हा ओट्यावर दाढी करत होते. घागर जपून नेणाऱ्या वच्छलाबाई त्यांना म्हणाल्या, बरं झालं तुमच्याकडं साठवलेलं होतं, नाही तर यांना अर्ध्याच घागरीवर भागवावं लागलं असतं. मारोतरावांच्या हनुवटीवर ब्लेड लागलं. तुरटी फिरवूनही रक्त थांबायला वेळ लागला.

त्याच दिवशी आळं करून वेलाचं बी लावायचा रिवाज. वच्छलाबाईंनी दोडक्याचं बी लावलं. ते उगवून आलं नाही. पाहुणी म्हणून आठवडाभर राहिलेल्या कांताबाईंनी रोज सकाळी ते आळं पाहिलं, वाळला मोगरा पाहिला, भिंतीपलीकडचा मोगरा पाहिला आणि निकाल दिला. त्यात दुष्टावा नव्हता. डॉक्टर पथ्य सांगतो तशा त्या म्हणाल्या, की वर्षभर झाडाला हात लावू नकोस, हात जड झाला आहे. आपला नवरा गेला तेव्हा आपल्याही हाताखालची संत्र्याची दोन झाडं वाळून गेली होती, मग आपण हात आवरला, तो आजपर्यंत. मधुकररावांच्या बागेत असं नको. पाणी घालायला शेजारची सवाष्ण लावून घे.

ही सगळी हकीकत गोपिकाबाईंनी मारोतरावांना जेवताना वाढली. वच्छलाबाईंनी एका शब्दानं वाद घातला नाही, असंही सांगितलं. उलट म्हणाल्या, मारोतरावभाऊजी थट्टेत बोलले होते, पण बोलले ते खरंच होतं. मारोतरावांचा घास तोंडात फिरत राहिला. गोपिकाबाईंना वाटलं भाजीत मीठ जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कूलर लागला नाही. मारोतरावांनी मोटर पोत्यात गुंडाळून मोरीच्या माळ्यावर टाकली, नळाची करंगळीएवढी धार घागरीत पडू दिली आणि प्रायश्चित्त घेतल्यासारखे ओट्यावर बसले. गुपचूप केलेला गुन्हा गुपचूपच मिटवता आला तर कोणाला नको असतो? आता पलीकडे पाणी जाईल, बाग हिरवी होईल, बाईंच्या डोक्यातला किडा आपोआप निघून जाईल. सगळा हिशेब जुळला होता. फक्त एक गोष्ट त्यात धरायची राहिली होती. त्याच सकाळी गोपिकाबाई झारी घेऊन पलीकडे पाणी घालायला गेल्या होत्या.

बाग हिरवी झाली. दोन आठवड्यांत मोगऱ्याला तांबूस फूट आली, वाळलेल्या ढेमशाच्या एका वेलानं बुडातून डोळा काढला, आणि ज्या आळ्यात काही उगवलं नव्हतं त्यात दोडक्याची जोडपानं वर आली. कांताबाईंनी सांगितलं तस्संच झालं. वच्छलाबाईंनी तेव्हापासून सांबाराची काडीसुद्धा स्वतः खुडली नाही. तुळशीला पाणी घालायलाही गोपिकाबाईंना हाक मारू लागल्या, आणि आपण उंबऱ्याच्या आत उभ्या राहून दाखवायच्या, त्या वाफ्याला जरा जास्त, याला नको, तो कुजेल.

आणि गोपिकाबाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या हाताला कोणी कधी गुण चिकटवला नव्हता. पोळी जाड, लोणचं बुरसटतं, शिवण तिरकी, असंच त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, त्यातलं बरंचसं मारोतरावांकडूनच. आता त्या झारी घेऊन चालायच्या त्यातही फरक पडला होता. दळणाच्या चक्कीवर, किराण्याच्या दुकानात, हळदीकुंकवात त्यांनी वच्छलाबाईंच्या वाळलेल्या बागेची आणि आपल्या हाताची गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्या बायका हळहळायच्या आणि एक हात गुणाचा, एक हात जड, असे दोन्ही अर्थ बरोबर घेऊन जायच्या. रोपं आता बोंद्र्यांच्या ओट्यावर येऊ लागली. मारोतराव सकाळी दार उघडायचे तो समोर कोणाचा तरी मरणोन्मुख गुलाब. त्यांना तो आपलीच वाट पाहत बसल्यासारखा वाटायचा.

नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला त्या सुमाराला वच्छलाबाईंची लेक चारुलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती आली आणि चारच दिवसांत गोपिकाबाईंनी जेवताना नवी बातमी दिली. चारुलता उद्या सकाळच्या बसनं कांताबाईंबरोबर काटोलला चालली. बाळंतपण तिकडे आत्याकडे होईल. तिला न्यायलाच कांताबाई परत आल्या आहेत.

मारोतरावांनी विचारलं, काहून? माहेर इथं आहे, आई इथं आहे, दवाखाना इथं आहे.

"आई आहे म्हणूनच," गोपिकाबाई म्हणाल्या. "वहिनी म्हणाल्या, ज्या हातानं मोगरा वाळला, त्या हातानं लेकरू कसं घेऊ वं? पोरगी रडून राहिली, पण त्या ऐकत नाही."

मारोतरावांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती.

त्या दिवशी रविवार होता, कोराडीची बस नव्हती. ते सरळ पलीकडे गेले. जाताना त्यांनी स्वतःशी अजूनही सौदा चालवला होता. सगळं कशाला सांगायचं, कामापुरतं सांगू. ओट्यावर चारुलता थैलीत लुगडी भरत होती, कांताबाई सुपारी कातरत होत्या, वच्छलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. गोपिकाबाई मागोमाग झारी घेऊन आल्या, तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं म्हणून.

मारोतराव उभ्यानंच म्हणाले, वहिनी, पोरीला पाठवू नका, बाग वाळली ती हातानं नाही, पाण्यावाचून वाळली. लाइनमध्ये खराबी होती, आता निघाली.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं. माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतो आहे, हे ओळखून पाहावं तसं. "पाणी तर तुमच्याकडंबी तसंच येत होतं ना जी. तुमीच सांगितलं होतं. तुमचं नाही वाळलं."

कांताबाईंनी अडकित्ता थांबवला. "अन् काहून गा मारोती, लाइनीतली खराबी गोपिकानं झारी धरली त्याच दिवशी निघाली का?"

यावर मारोतरावांकडे उत्तर होतं. ते मोरीच्या माळ्यावर होतं. मारोतराव घरी गेले, स्टुलावर चढले, पोतं ओढलं, आणि ते पोतं घेऊन परत येताना गल्लीतून भर दुपारी चालले. दहा-बारा पावलांचं अंतर, पण ऊन डोक्यावर आणि मोटर पोटाशी. ओट्यावर त्यांनी पोतं सोडलं.

"हे काय होय?" कांताबाई म्हणाल्या.

"पाणी ओढायची मोटर. चैत्रापासून रोज पहाटे मी हे नळाले लावून राहिलो होतो. तुमच्या घरी जाणारं पाणी माह्या बागेत पडत होतं, वहिनी. गोपिका झारी घेऊन आली त्या दिवशी मी हे बंद केलं, म्हणून बाग आली. तिच्या हातानं नाही आली, तुमच्या हातानं नाही गेली. अन् तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो. आमच्याकडं तसं येत नव्हतं."

सगळ्यांत आधी बोलल्या त्या गोपिकाबाई. "कूलरची म्हणाले होते तुमी," एवढंच म्हणाल्या आणि हातातली झारी खाली ठेवली. त्या उन्हाळ्यात त्यांना मिळालेलं सगळं त्या एका वाक्यात परत गेलं होतं, आणि घेणारा त्यांचाच नवरा होता.

वच्छलाबाईंनी मोटरला हात लावला नाही. तिच्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "अक्षय तृतीयेलेबी?"

"त्या दिवशीबी."

चारुलता उठून आत गेली. दाराआडून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मारोतरावांना वाटलं, आता बाई बोलतील, ओरडतील, आणि एकदाचं सुटू. पण वच्छलाबाईंनी त्यांना तसंच उभं ठेवलं. आत तोंड करून त्या लेकीला म्हणाल्या, थैली रिकामी कर, कपडे परत पेटीत ठेव.

कांताबाईंना हे एकदम पटणारं नव्हतं. मोटर असो की आणखी काही असो, पण वर्षभर पथ्य पाळलेलं बरं, त्या म्हणू लागल्या. लेकराबाळांचं काम आहे, आपण अनुभवानं सांगतो, आपल्या हातची संत्र्याची झाडं...

"वन्सं," वच्छलाबाई मध्येच म्हणाल्या, "त्या साली वाडीत पाणी होतं का?"

कांताबाईंचा अडकित्ता सुपारीत तसाच राहिला. त्या आठवत होत्या. मग आपल्या हातांकडे न पाहता, बागेकडे पाहत म्हणाल्या, "विहीर आटली होती." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "फाल्गुनातच आटली होती वं." आणि त्यानंतर पथ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. इतकी वर्षं त्यांनी वाडीत एकही रोप आपल्या हातानं लावलं नव्हतं, सगळं गड्यांकडून करून घेतलं होतं. त्या कातरलेली सुपारी तोंडात टाकायची विसरून मुठीत धरून बसल्या.

मारोतराव निघायला वळले तेव्हा वच्छलाबाईंनी गोपिकाबाईंना विचारलं, "कोणाकोणाले सांगितलं होतं तू?"

गोपिकाबाईंनी मान खाली घालून घरं सांगितली. भैय्याजीचं, चक्कीवालीचं, किराणावाल्याचं, कोपऱ्यावरच्या मास्तरणीचं, आणखी चार. वच्छलाबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"भाऊजी, तेवढ्या घरी तुमी जाऊन या. मोटरचं सांगा नका सांगू, तुमची मर्जी. माह्या हाताचं सांगून या."

मोटरचं न सांगता हाताचं कसं सांगायचं, हे मारोतरावांनी पहिल्या घरापर्यंत शोधून पाहिलं. सापडलं नाही. भैय्याजी बनियनवर कूलरसमोर बसले होते. मारोतरावांनी सुरुवातीपासून सांगितलं, पहाटेचा कूलर, पोतं, खोटं, सगळं. भैय्याजींनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "इतवारीत कोणत्या दुकानात मिळते म्हणता?" मारोतरावांना शरमेनं घाम फुटला होता, पण त्या घरात शरमेला कोणी बसायला जागा देईना. फक्त भैय्याजींची बायको स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई, म्हणजे त्या माउलीचा काही दोष नव्हता." मारोतराव म्हणाले, नव्हता. दोष नव्हता असं मोठ्यानं म्हणताना कोणाचा होता तेही म्हणावं लागतं. ते म्हणाले.

चक्कीवालीनं पिठाच्या हातानं कपाळ बडवून घेतलं आणि पुढचं दळण ओतलं. किराणावाला हसला. मास्तरणीनं मात्र त्यांना दारातच उभं ठेवून तेच तीनदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा सासूलाही बोलावून घेतलं, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून. मारोतरावांनी सासूसाठी ते ओरडून सांगितलं. समोरच्या, यादीतल्याच दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. एका अर्थी ती घरं आपोआप झाली.

उन्हाचा रंग पांढरा झाला होता. डांबर चपलेला चिकटत होतं. गल्लीच्या टोकापुढे, रस्त्यावरच्या उरलेल्या घरांकडे जाताना वाट वच्छलाबाईंच्या फाटकावरून जात होती. त्या बागेत होत्या. पदर खोचून मोगऱ्याच्या बुडाशी खुरपं चालवत होत्या, हात मनगटापर्यंत मातीचे झाले होते. ओट्यावर चारुलता पाय पसरून बसली होती आणि आईला सांगत होती, आता उन्हात नको, संध्याकाळी कर. त्या ऐकत नव्हत्या.

मारोतराव फाटकाशी थांबले. काही तरी बोलायला पाहिजे असं त्यांना वाटत होतं, आणि बोलायचं होतं ते सगळं तर त्यांनी दारोदार सांगून टाकलं होतं.

वच्छलाबाईंनी मान वर न करता विचारलं, "किती घरं राहिली जी?"

"दोन."

"मग इथं काहून उभे राहिले?" त्या म्हणाल्या, आणि खुरप्यानं मोगऱ्याच्या मुळाशी आलेलं गवत उपटून फाटकाच्या दिशेनं फेकलं.

मारोतराव पुढच्या घराकडे चालू लागले.